उतरलेली बॅटरी आणि विजेची चोरगळती

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीस वाफसा आला आहे, बियाणें बांधावर येऊन पडलें आहे, पेरणीयंत्र जोडून तयार आहे. आणि नेमक्या त्याच सकाळीं किल्ली फिरवितांच ट्रॅक्टर नुसता 'टक्' असा आवाज करून स्वस्थ बसतो. असा प्रसंग ज्याच्यावर कधींच आला नाहीं, असा ट्रॅक्टरवाला शेतकरी विरळा. वाफसा कोणाची वाट पाहत नाहीं. म्हणून घाईघाईनें मिस्त्रीस बोलावणें जातें, तो बॅटरी पाहून "ही गेली" असा निकाल देतो, आणि त्याच दिवशीं तालुक्याच्या गांवाहून कांहीं हजार रुपयांची नवी बॅटरी आणली जाते. ट्रॅक्टर चालूं होतो, पेरणी पार पडते, आणि रोग बरा झाला असें सर्वांस वाटतें. पुढें श्रावणांत झड लागून ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहतो, आणि नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेनें जाते.

या लेखांत आम्हांस मुख्यतः एवढेंच सांगावयाचें आहे कीं, बॅटरी उतरणें हें लक्षण आहे, रोग नव्हे. रोग तीन प्रकारचा असूं शकतो. एक, बॅटरी स्वतःच जीर्ण झालेली असते. दोन, बॅटरी चांगली असून तिला इंजिनाकडून भरणा मिळत नाहीं. तीन, बॅटरीही चांगली, भरणाही चांगला, परंतु गाडी उभी असतांना कोठून तरी वीज गुपचूप वाहून जात असते. या तिसऱ्या प्रकारास आम्ही चोरगळती म्हणतों. तिन्ही रोगांचें बाह्य लक्षण एकच असल्यामुळें पुष्कळदां भलत्याच रोगावर औषध दिलें जातें. क्रमानें तपासणी केली, तर कोणता रोग आहे हें शेतकऱ्यास स्वतःच्या गोठ्याशेजारीं उभें राहून ठरवितां येतें. त्यास लागणारें मीटर नव्या बॅटरीच्या किंमतीच्या मानानें फारच स्वस्त असतें.

बॅटरी म्हणजे काय

शिसें आणि गंधकाचें आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्स देशांत गास्तों प्लांते यानें 1859 सालीं प्रथम सिद्ध केली. इंजिन हातानें हँडल मारून चालूं करण्याऐवजीं विजेच्या 'सेल्फ'नें चालूं करण्याची युक्ति अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यानें बसविली, व ती 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम विक्रीस आली. तेव्हांपासून मोटार आणि बॅटरी यांची जोडी जमली ती आजतागायत.

ट्रॅक्टरच्या 12 व्होल्टच्या बॅटरींत सहा घरें असतात. प्रत्येक घरांत शिशाच्या पट्ट्या आम्लमिश्रित पाण्यांत बुडालेल्या असतात, आणि प्रत्येक घर सुमारें 2.1 व्होल्टचा दाब देतें. वीज खर्च होत असतां आम्लांतील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो व पाणी पातळ होतें. बॅटरी भरतांना तोच अंश परत पाण्यांत येतो. बॅटरी उतरलेल्या स्थितींत पुष्कळ दिवस पडून राहिली, तर पट्ट्यांवरील हा थर कठीण खड्यांसारखा होतो व मग परत सुटत नाहीं. म्हणून एकदां उतरलेली बॅटरी 'पाहूं पुढच्या महिन्यांत' म्हणून ठेवून देणें म्हणजे चांगली बॅटरी आपल्या हातानें मारणें होय.

विजेचीं मापें समजण्यास विहिरीवरील हौद डोळ्यांपुढें आणावा. हौदांतील पाण्याच्या उंचीमुळें जो दाब येतो तो व्होल्ट. पाटांतून वाहणारी धार ती अँपियर. आणि हौदांत एकंदर पाणी किती मावतें तें अँपियर-तास. 75 अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे एक अँपियरची धार सुमारें 75 तास पुरविणारा हौद. सेल्फ फिरवितांना क्षणभर कित्येक शें अँपियरचा लोंढा लागतो; आणि चोरगळती म्हणजे हौदाच्या बुडाशीं पडलेली बारीक चीर. चीर दिसत नाहीं, आवाज करीत नाहीं, परंतु सकाळीं हौद रिकामा असतो.

प्रथम डोळ्यांनीं पाहावें

मीटर हातीं घेण्यापूर्वीं बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांकडे पाहावें. त्यांवर पांढरी किंवा हिरवट निळी पूड जमली असेल, किंवा चिमटा हातानें हालत असेल, तर दोष तेथेंच असण्याचा पुष्कळ संभव आहे. भरलेल्या हौदाच्या तोंडाशीं गाळ बसल्यावर पाटांत पाणी येईल कोठून? अशा वेळीं आधीं ऋण बाजूची तार, म्हणजे इंजिनाच्या लोखंडास जोडलेली तार, सोडावी. नंतर धन बाजूची सोडावी. कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून जुन्या ब्रशानें टर्मिनल व चिमटे स्वच्छ घासावे, परंतु तें पाणी बॅटरीच्या घरांत जाऊं देऊं नये. कोरडें करून प्रथम धन, शेवटीं ऋण, या क्रमानें जोडावें व वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. इंजिनाच्या अंगास ऋण तार जेथें बोल्टानें कसली आहे तो सांधाही पाहावा. चिखल व गंज यांनीं तो पुष्कळदां निकामी झालेला असतो.

बॅटरीच्या डोक्यावर धूळ, डिझेल व आम्लाचा दमटपणा मिळून जो थर बसतो, त्यांतूनही एका टर्मिनलाकडून दुसऱ्याकडे थोडी वीज वाहते. हीही एक चोरगळतीच होय. कोरड्या फडक्यानें आठवड्यास एकदां पुसणें हाच तिच्यावर उपाय.

नंतर घरांचीं झांकणें काढून पाण्याची पातळी पाहावी. झांकणें बंदिस्त असलेल्या बॅटरीस ही तपासणी लागूं नाहीं. पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास बॅटरीसाठीं विकतात तें डिस्टिल्ड पाणीच घालावें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी कितीही गोड असलें तरी त्यांत क्षार असतात, व ते पट्ट्यांचा नाश करितात. ॲसिड तर केव्हांही वरून घालूं नये; बाष्प होऊन उडतें तें पाणी, आम्ल नव्हे.

पहिला प्रश्न : बॅटरी स्वतः जिवंत आहे काय?

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं, सेल्फ मारण्यापूर्वीं, मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून त्याचीं दोन टोकें बॅटरीच्या दोन टर्मिनलांस लावावीं. 12.6 किंवा त्याहून थोडा अधिक आंकडा आला तर बॅटरी भरलेली समजावी. 12.4 म्हणजे सुमारें पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे सुमारें पाव, आणि त्याखालीं जवळजवळ रिकामी. अर्ध्या व्होल्टाच्या फरकांत भरलेली व रिकामी बॅटरी असा भेद पडतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. "बारा व्होल्ट दाखवितें, म्हणजे ठीक आहे" हें म्हणणें साफ चुकीचें आहे. आंकडा 10.5 च्या आसपास येत असेल व भरूनही वर चढत नसेल, तर सहांपैकीं एक घर मेलें असें बहुधा समजावें.

झांकणांच्या बॅटरीस हायड्रोमीटरची परीक्षा अधिक भरंवशाची. भरलेल्या बॅटरीच्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व सुमारें 1.250 ते 1.265 असतें, अर्ध्या बॅटरीचें 1.190 च्या सुमारास, व रिकाम्या बॅटरीचें 1.120 च्या सुमारास. सहाही घरें सारखींच खालीं असतील तर बॅटरी केवळ उतरली आहे, ती भरावी. परंतु पांच घरें चांगलीं व एकच घर 0.050 हून अधिक खालीं असेल, तर तें घर बिघडलें, आणि तेथें मात्र नव्या बॅटरीवांचून इलाज नाहीं.

उतरलेली बॅटरी चार्जरवर हळूहळू भरावी. 75 अँपियर-तासांच्या बॅटरीस सुमारें साडेसात अँपियर, म्हणजे एकदशांश, हें प्रमाण चांगलें. भरल्यानंतर कांहीं तास विसावा देऊन पुन्हा मापावी. मग जोडून, दुसऱ्या माणसाकडून सेल्फ मारवीत असतां मीटर पाहावा. आंकडा 10 च्या आसपास किंवा वर राहिला तर ठीक, 9.6 च्याही खालीं कोसळला, तर बॅटरींत दम उरलेला नाहीं, अथवा सेल्फच जाम होऊन फाजील वीज ओढीत आहे.

दुसरा प्रश्न : बॅटरीस भरणा मिळतो काय?

इंजिन चालूं करून मध्यम वेगावर ठेवावें व पुन्हा टर्मिनलांवर मीटर लावावा. 13.8 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान आंकडा असल्यास आल्टरनेटर आपलें काम करीत आहे. 13 च्या वर आंकडा जातच नसेल, तर आधीं पट्टा सैल आहे काय तें पाहावें, मग आल्टरनेटरच्या जोडण्या पाहाव्या, व त्यानंतरच आल्टरनेटर उतरवून कारागिराकडे न्यावा. उलट, आंकडा 15 च्या वर जात असेल, तर भरणा प्रमाणाबाहेर होऊन पाणी उकळून जातें. वारंवार पाणी घालावें लागण्याचें हें एक कारण आहे.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. आल्टरनेटर चालतो किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची एक रीत कांहीं ठिकाणीं रूढ आहे. ती सर्वथा टाकून द्यावी. तार काढतांच दाब एकाएकीं उसळतो व आल्टरनेटरच्या आंतील डायोड जळतात. म्हणजे नसलेला रोग परीक्षेनेंच उत्पन्न होतो.

तिसरा प्रश्न : रात्रीं वीज कोण पितें?

वरील दोन्ही परीक्षांत बॅटरी उतरली, आणि तरीही गाडी दोनतीन दिवस उभी राहिल्यावर सेल्फ लागत नाहीं, तर चोरगळती शोधावी. हा दोष लपून राहण्याचें कारण असें कीं, ट्रॅक्टर रोज चालत असतां रात्रीं गळलेली वीज दुसऱ्या दिवशीं आल्टरनेटर भरून काढतो. नांगरणी-पेरणीच्या हंगामांत दोष असूनही दिसत नाहीं. काम थांबतें तेव्हांच तो उघड होतो.

आमच्या पाहण्यांतील एक प्रकरण येथें सांगतों. एका बागाईतदाराच्या ट्रॅक्टरवर दीड वर्षांत दोन नव्या बॅटऱ्या बसविल्या गेल्या होत्या, आणि तिसरी घेण्याची बोलणी चालली होती. बॅटरी भरून मापली तों 12.6, इंजिन चालूं असतां 14.2. दोन्ही आंकडे निर्दोष. मग किल्ली काढून, सर्व दिवे बंद करून गळती मापिली, ती 0.4 अँपियर भरली. आंकडा लहान वाटतो; परंतु 0.4 ला 24 नीं गुणिलें कीं दिवसाचे 9.6 अँपियर-तास होतात, व सात दिवसांचे 67. पंचाहत्तरच्या हौदांतून सातव्या दिवशीं उरतें काय? शोध घेतां असें आढळलें कीं, मडगार्डाखालीं गाणीं वाजविण्याची एक पेटी बसविलेली होती, आणि तिची तार किल्लीच्या पुढें न जोडतां थेट बॅटरीस जोडली होती. पेटीचें बटण बंद होतें, गाणें बंद होतें, परंतु आंतील यंत्र जागेंच होतें. तार किल्लीच्या बाजूस फिरवून दिली व वाटेंत फ्यूज घातला. तिसरी बॅटरी घ्यावी लागली नाहीं. आधींच्या दोन बॅटऱ्यांपैकीं निदान एक तरी निष्कारण भंगारांत गेली, ही गोष्ट मात्र त्या गृहस्थांच्या मनास फार लागली.

गळती मापण्याची रीत अशी. किल्ली काढावी, दिवे, पंखा, मोबाइल भरण्याचें सॉकेट, सर्व बंद करावें. ऋण बाजूची तार सोडावी. मीटरची लाल तार त्याच्या 10 अँपियरच्या भोकांत घालावी व मीटर डी.सी. अँपियरवर ठेवावा. मग मीटरचें एक टोक सोडलेल्या तारेस व दुसरें बॅटरीच्या ऋण टर्मिनलास लावावें, म्हणजे वाहणारी वीज मीटरच्या पोटांतूनच जाईल. या स्थितींत किल्ली फिरवूं नये व सेल्फ मारूं नये. मीटरचा फ्यूज, किंवा मीटरच, जळून जाईल. मापन होतांच लाल तार परत व्होल्टच्या भोकांत घालावी. ती विसरून कोणी बॅटरीवर व्होल्ट मापूं लागला, तर मीटरमधून बॅटरीचा सरळ झटका जातो.

साध्या ट्रॅक्टरवर आंकडा जवळजवळ शून्य असावा. मोटारगाडींत घड्याळ व संगणकाची स्मरणशक्ति जागी ठेवण्यास थोडी वीज लागतेच, 0.05 अँपियरपर्यंत ती क्षम्य समजतात. तेवढ्यानेंही 60 अँपियर-तासांची बॅटरी सुमारें पंचवीस दिवसांत अर्धी होते, म्हणून महिनाभर उभ्या ठेवलेल्या मोटारीची बॅटरी उतरल्यास आश्चर्य मानूं नये. मोटारीचें मापन करितांना दारें बंद करून अर्धा ते एक तास थांबावें. तोंवर तिचीं आंतील यंत्रें निजत नाहींत व आंकडा फसवा येतो.

आंकडा अधिक आला, तर मीटर तसाच ठेवून फ्यूजपेटींतील एकेक फ्यूज काढावा, मीटर पाहावा, व फ्यूज परत जागच्या जागीं बसवावा. जो फ्यूज काढतांच आंकडा खालीं पडेल, त्याच्या शाखेंत चोर आहे. मग त्या शाखेवरील दिवा, भोंगा किंवा सॉकेट एकेक सोडून पाहावें. पाटाच्या एकेका बाऱ्यास माती लावून गळती कोणत्या वाफ्यांत आहे हें जसें शोधितों, तसाच हा प्रकार. सर्व फ्यूज काढूनही आंकडा तसाच राहिला, तर वीज फ्यूजच्या अलीकडे जात आहे. अशा वेळीं थेट बॅटरीवरून घेतलेल्या तारा आधीं पाहाव्या, नंतर आल्टरनेटर. त्याचा डायोड बिघडला असतां बॅटरींतील वीज उलटी त्याच्यांत शिरते. खात्रीसाठीं बॅटरी पूर्ण सोडून आल्टरनेटरची जाड तार काढावी, तिचें टोक चिंधीनें गुंडाळावें, व पुन्हा मापावें.

नेहमींचे चोर हे : मागें बसविलेला कामाचा दिवा, जो दिवसा उजेडांत दिसत नाहीं; ब्रेकच्या पायट्याखालील अडकलेला स्विच, ज्यामुळें मागचा तांबडा दिवा जळत राहतो; चिकटलेला रिले; उंदरांनीं कुरतडून लोखंडास लागलेली तार; आणि मागाहून जोडलेलीं हौसेचीं उपकरणें.

मीटर नसल्यास

मीटर जवळ नसला तरी हात टेकण्याचें कारण नाहीं. बॅटरी पूर्ण भरून ऋण तार सोडून ठेवावी व नेहमीं जितक्या दिवसांत ती उतरते तितके दिवस तशीच राहूं द्यावी. मग तार जोडून सेल्फ मारावा. इंजिन झटक्यांत लागलें तर दोष गाडीच्या तारांत आहे. न लागलें तर बॅटरी आंतल्या आंत झिरपत आहे, ती बदलावी. ही परीक्षा फुकट असून तिचा निकाल पुष्कळसा खरा असतो. कोणी अंधारांत तार टर्मिनलास टेकवून ठिणगी पाहतात, तें मात्र करूं नये. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व एका ठिणगीनें बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत जाऊं शकतें. बॅटरीजवळ विडीकाडी ओढणें त्याच कारणासाठीं वर्ज्य. आम्ल अंगावर उडाल्यास तत्काळ भरपूर पाण्यानें धूत राहावें, आणि डोळ्यांत गेल्यास धुवून लगेच डॉक्टरांकडे जावें.

अडल्या वेळीं दुसऱ्या गाडीची वीज घ्यावयाची असल्यास दोन्ही बॅटऱ्या 12 व्होल्टच्या आहेत अशी खात्री करावी. तांबडी तार आधीं उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास, नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास, आणि तिचें शेवटचें टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावें. काढतांना उलट क्रम पाळावा.

पुढील काळजी

हंगामांच्या मध्यें ट्रॅक्टर उभा ठेवावयाचा असेल तर ऋण तारेवर एक कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा, किंवा तार सोडून ठेवावी. तरीही बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरतेच, व उन्हाळ्याच्या उष्म्यांत अधिक वेगानें उतरते. म्हणून महिन्यांतून एकदां ती चार्जरवर भरावी. शेडच्या सावलींत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी उन्हांतल्यापेक्षां अधिक टिकते. नवीन दिवा किंवा पेटी बसवितांना कारागिरास "तार किल्लीच्या पुढें घे आणि फ्यूज घाल" एवढें निक्षून सांगावें.

बॅटरी खरोखरच मेली असेल, तर तिचें आम्ल बांधावर किंवा ओढ्यांत ओतूं नये. त्यांत शिशाचा अंश असतो, आणि शिसें माणसास, विशेषतः लहान मुलांस, घातक आहे. 2022 सालच्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांतील धातु पुन्हा उपयोगांत आणविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सबब जुनी बॅटरी आम्लासह विक्रेत्याकडे द्यावी व तिची किंमत नव्या बॅटरींतून वजा करून घ्यावी.

बैल लंगडूं लागला म्हणून कोणी शहाणा शेतकरी लगेच बाजारांत जाऊन दुसरा बैल आणीत नाहीं. आधीं खूर उचलून कांटा पाहतो. बॅटरीच्या बाबतींतही तोच न्याय लावावा. आणि ही तपासणी पेरणीच्या दिवशीं नव्हे, तर वैशाखांत, हाताशीं वेळ असतांना करून ठेवावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची सूचना आहे.